आमच्या साइटवर कायमचा चैत्र

परवा ऑफिसात एक प्रश्न समोर आला. जागा-जमिनींच्या आमच्या साइटवर प्रत्येक गावाच्या पानाखाली लोकांनी काहीही विचारावं आणि माहीत असेल त्याने उत्तर द्यावं, अशी सोय आहे. शहापूर तालुक्यातल्या एका गावाखाली कुणीतरी विचारलं होतं, "रविवारी प्लॉट बघायला गेलो होतो. डोंगराच्या उतारावर जागोजागी धूर दिसला. इथे वणवे लागतात का?" खाली दुसऱ्या कुणी शहाण्याने उत्तरही देऊन टाकलं होतं, "गावकरी कचरा जाळतात. तक्रार करा." शहापूर आणि मुरबाडचे प्रश्न माझ्या वाट्याला येतात, कारण मी तिकडची. मला हसू आलं. मी लिहायला घेतलं, "हा वणवा नाही आणि कचराही नाही. याला राब म्हणतात." एवढं लिहिलं आणि पुढे बोटंच चालेनात.

राब म्हणजे काय, हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या जागेवर उन्हाळ्यात आधी शेण पसरतात, त्यावर ऐनाच्या वाळक्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. या फांद्यांना आमच्याकडे कवळ म्हणतात. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग लावायची, म्हणजे ती भडकत नाही, सावकाश धुमसत जाते. माती भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मुरते. पावसाळ्यात त्याच चौकोनात बी टाकलं, की रोप असं हिरवंगार उठतं की बघत राहावं. हा चौकोन उंचावर लागतो. खाली भाताच्या खाचरात पाणी तुंबतं, रोप कुजतं.

फाल्गुन संपत आला की आसनगाव सोडल्यापासूनच तो वास यायला लागतो. गाडीच्या काचा बंद असल्या, एसी चालू असला, तरी कुठून तरी येतोच. शेणाचा, पाल्याचा, भाजलेल्या मातीचा. लहानपणी या वासाचा अर्थ सुट्टी असा होता. परीक्षा संपायची, आई मला खर्डीच्या पुढे मावशीकडे नेऊन सोडायची आणि मी दिवसभर काळ्या पायांनी हुंदडायचे. चांगुणामावशी कवळाची मोळी डोक्यावरून उतरवली की आधी माझे पाय बघायची आणि ओरडायची, "ये रांडं, निखाऱ्यावर पाय देशील ना गो!" तिच्या तोंडी ती शिवी म्हणजे मुकाच असायचा. आता हाच वास आला की मी ड्रायव्हरला विनाकारण सांगते, जरा लवकर चल.

आमची साइट सुरू झाली ती कल्याणात, एका फरसाणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खालून सकाळपासून तळणाचा वास यायचा आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कपड्यांना चिकटून घरी जायचा. संदीप सरांनी ती काढली, कारण ते स्वतः फसले होते. मुरबाडकडे दलालाने त्यांना खळाळता ओढा दाखवून जागा विकली होती. ओढा पावसाळ्यात खळाळायचा आणि दिवाळीला दगड उघडे पडायचे. सर म्हणायचे, "विकणाऱ्याकडे सगळी माहिती असते आणि घेणाऱ्याकडे फक्त हौस. आपण घेणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं." आम्ही मूठभर माणसं भारून गेलो होतो. मी तर फारच. कॉलेज करून नुसती घरी बसलेली मुलगी मी. कुणाच्या तरी बाजूने उभं राहण्याचा पगार मिळतो, हीच मला नवलाई होती.

प्रत्येक जागेचं एक पान. रस्ता आहे का, वीज आहे का, पाणी बारमाही की कसं, सातबारावर कुणाकुणाची नावं. आणि शेवटचा रकाना, ज्याचा सरांना फार अभिमान होता, "इतर कुणाची वहिवाट आहे का?" म्हणजे कागदावर नाव नसेल, पण कुणी जातं-येतं का, वापरतं का. हे दलाल कधीच सांगत नाहीत, आपण सांगायचं. "हो" लिहिलं की पानाच्या माथ्यावर लाल पट्टी यायची. लाल पट्टीच्या पानाकडे पुढे कुणी ढुंकूनही बघत नाही, हे आम्हाला फार लवकर कळलं.

फोटोंसाठी आम्ही उन्हाळ्यात हिंडायचो. कारण साधं. पावसात गाडी रुतते, शेतात चिखल, कॅमेऱ्यावर थेंब. दिवाळीत सगळे कापणीत, जागा दाखवायला कुणाला वेळ नाही. फाल्गुन-चैत्रात कसं, वाटा कोरड्या, उजेड स्वच्छ, माणसं मोकळी. त्यामुळे आमच्या साइटवर कायम चैत्रच असायचा. पळस फुललेला, गवत सोनेरी, आणि नजर जाईल तिथवर कुणीही नाही. मुरबाडच्या बाजारात चहा पिताना एका म्हाताऱ्याने मला चिडवलं होतं, "फोटू काडाचा तं आषाढात ये गो पोरी. तवा कळंल कंची जागा मोकळी नि कंची नाय." मी हसून त्याच्या चहाचे पैसे दिले आणि पुढच्या गावाला गेले.

त्याच चैत्रात मावशीच्या गावची एक जागा आली. उताराची, वरकस. वरकस म्हणजे भात न पिकणारी, गवताची, नाचणी-वरईची जमीन. मालक कल्याणला स्थायिक झालेले. त्यांचा मुलगा स्वतःहून आमच्याकडे आला, मध्ये दलाल नाही. असा मालक आमच्याकडे पहिलाच. सर इतके खूश, की खालून गरम फाफडा मागवला. मी मात्र पत्ता ऐकला आणि मनात चपापले. त्या उतारावरच्या सपाट तुकड्यावर चांगुणामावशीचा राब होता. तिच्या सासूचा होता, सासूच्या सासूचाही असेल. जागा त्यांची, राब हिचा. लिहिलेलं काही नाही. दिवाळीत नव्या भाताचे पोहे त्यांच्या घरी पोचवायचे, की झालं. गावात अशा जागा याआधीही विकल्या गेल्या होत्या, पण राब हलले नव्हते. कारण व्यवहार जुळवणारा माणूस नव्या मालकाला सांगायचा, "हितं अमकीचा राब हाय बरं." नवा मालक मान डोलवायचा. तेवढंच खरेदीखत राबाचं.

मी फोटोला येणार हे मावशीला कळलं होतं. आम्ही गाडीतून उतरलो आणि मी बघतच राहिले. सपाट तुकडा अंगणासारखा झाडून ठेवलेला. रचून ठेवलेली कवळाची रास नाही, शेणाचा ढीग नाही. गेल्या वर्षीच्या राबाचा काळा चौकोन असतो, तोही तिने लाल माती पसरून बुजवला होता. खराटा हातात घेऊन ती घामाघूम उभी. अंगावर मात्र लग्नाकार्यातलं लुगडं.

"काय गो हे मावशे?"

"फोटूत काळं कशाला दिसाया पायजे? लोका म्हणतील वैशीच्या मावशीच्या गावात निसता उकिरडा हाय. कवळ खाली नेऊन ठेवलाय बांधाला. तू गेलीस की आणीन परत."

तिने ते सगळं एकटीने डोक्यावरून खाली वाहिलं होतं. माझ्यासाठी. आणि आता ती केसांवरून हात फिरवून फोटोला उभी राहिली. मी तिला म्हटलं, "मावशे, जरा बाजूला हो ना. नुसती जागाच हवी." ती चटकन ऐनाच्या झाडामागे गेली आणि तिथून मान काढून म्हणाली, "दिसतंय का माजा पदर?" दिसत होता. मी दोन पावलं सरकले आणि तोही दिसेनासा केला.

कल्याणला येऊन मी पान भरलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबले, हे खरं. मनाशी वादही घातला. राब म्हणजे काही हक्क नाही, नुसती रीत. मालकाला कुठे काय विचारलंय कुणी? आणि बघायला गेलेल्याला तिथे काही दिसणारही नाही. दिसत नाही ते लिहायचं कशाला? पहिला दलालाविना आलेला मालक, त्याच्या पानावर लाल पट्टी कशी लावायची? तोंडी सांगू घेणाऱ्याला, असंही ठरवलं. "वहिवाट: नाही" असं लिहिलं आणि खाली जाऊन चहा घेतला. चहा नेहमीसारखाच लागला.

त्या फोटोने आमचं नशीब फळफळलं म्हणायला हरकत नाही. सोनेरी उतार, मधे स्वच्छ सपाट तुकडा, मागे माहुलीचे सुळके. सरांनी तो पहिल्या पानावर टाकला. फोन वाजायला लागले ते थांबेनात. ठाण्याहून, मुलुंडहून, पार बोरिवलीहून माणसं विचारायची, "ती फोटोतली जागा आहे का हो अजून?" ती नसली तर तसली दुसरी. गावांमागून गावं आमच्याकडे आली. फरसाणाच्या दुकानावरून आम्ही काचेच्या इमारतीत गेलो. माझ्या नावापुढे हुद्दा लागला. एका कार्यक्रमात सर म्हणाले, "आपलं सगळं वैशालीच्या त्या एका फोटोपासून सुरू झालं." टाळ्या पडल्या आणि मी उभी राहून हात जोडले. फोटो माझा खरा, पण झाडलोट कुणाची होती ते मी कुणाला सांगणार?

तोंडी सांगायचं राहिलं. राहिलं म्हणणंही खोटंच, मी ते राहू दिलं. जागा विकली गेली तेव्हा मी मुरबाडच्या कामात होते. मग वाटलं, आता नको, उगाच व्यवहार बिनसायचा. मग वाटलं, झालंच आहे आता. त्या वर्षीचा राब मावशीने भाजला. पुढच्या वर्षी ती कवळ घेऊन गेली, तर तारेचं कुंपण होतं आणि आत बंगल्याचा पाया.

तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या उरलेल्या रोपांवर शेती करते. सगळ्यांची लावणी आटोपली की ज्याच्याकडे मूठभर रोप उरलं असेल त्याच्याकडून आणायचं. ते जून झालेलं, पिवळट. उशिरा लावलेलं भात उशिरा निसवतं आणि पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, जास्त धरतं. गेल्या साली तिने निम्मं खाचर तसंच सोडलं. तिचा मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये आहे. तो म्हणतो, आई, बस कर आता, तांदूळ दुकानात मिळतो. यंदा तिनेही आईजवळ तसंच काढलं, "आवंदा रोप नाय मिळालं तं खाचर पडीक टाकीन." आईने मला फोनवर हे सहज सांगितलं, लग्नपत्रिका आली, मांजर व्यालं, त्याच ओळीत. मी फोन ठेवला आणि त्याच दुपारी तो धुराचा प्रश्न समोर आला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. मावशीकडे गेले आणि म्हटलं, त्या बंगल्यावाल्यांना भेटून येते, कोपरा मागते राबासाठी. मावशी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "नको गो," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर नको." मला ठाऊक होतं की ती त्या बंगल्यावरून कधी जात नाही, ओढ्याकडून लांबचा फेरा घेते. मी समजत होते, तिला राग आहे. असणारच.

बंगल्यात मुलुंडचे एक निवृत्त काका आणि त्यांची बायको राहतात. फार साधी, अगत्याची माणसं. मी माझी ओळख चांगुणाबाईंची भाची एवढीच करून दिली. काकूंनी कोकम सरबत दिलं आणि मला बाग दाखवायला नेलं. घर नेमकं त्या सपाट तुकड्यावर आहे आणि दारापुढे गुलाब, मोगरा, भेंडी, वांगी यांची नुसती गर्दी. काकू म्हणाल्या, "काय माती आहे हो इथली! काडी खोचली तरी फुटते. वर गेलं की सगळा मुरूम, पण एवढ्याच तुकड्याला काय वरदान आहे कळत नाही." मला कळत होतं. सासवांच्या सासवांपासूनची राख होती ती. मी म्हटलं, "छान आहेत गुलाब."

मग मी राबाचं काढलं. काका ऐकता ऐकता सरळ होऊन बसले. "म्हणजे त्या बाईंचा राब इथे होता? या जागेवर?" त्यांनी बायकोकडे बघितलं. मग मोबाइल काढून मला आमच्या साइटचं पान दाखवलं, जपून ठेवलेलं. "हे बघा. दलालांनी आम्हाला फार नाचवलं होतं. इथे पहिल्यांदा कुणी सगळं खरं लिहिलेलं वाचलं. हिने आधी हाच रकाना बघितला. कुणाच्या तोंडचं काढून आपल्याला बंगला नको, असं आमचं ठरलं होतं. इथे स्वच्छ लिहिलंय, वहिवाट नाही." काकू हळूच म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर घर जरा वर बांधलं असतं हो. जागा का कमी आहे?"

जागा खरंच कमी नव्हती. वर मोठा उतार मोकळा पडला होता. एवढंच लागलं असतं, घर थोडं वर. माझी लाल पट्टी बघून ही माणसं पळाली नसती. त्यांनी फोन करून विचारलं असतं, राब म्हणजे काय हो, आणि मी सांगितलं असतं. ज्यांच्या बाजूने उभं राहायचं म्हणून आम्ही साइट काढली, त्या ग्राहकाला मी न बघताच स्वार्थी ठरवून मोकळी झाले होते. मावशीचं नुकसान केलं ते केलंच, वर यांनाही न केलेल्या पापाचं मालक करून ठेवलं.

"कोण लिहितं हो हे?" काका म्हणाले. "असेल मुंबईत बसलेलं कुणीतरी. कधी गावात आलंही नसेल."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. "असेल," मी म्हटलं.

त्यांनी लगेच वरच्या अंगाचा एक तुकडा दाखवला, कुंपणाच्या आत, मोरीजवळ. मुरमाड आहे, पण वर्षा-दोन वर्षांत राखेने सुधारेल. "सांगा त्यांना, उद्यापासून करा म्हणावं. आणि मलाही बघायचंय कसा भाजतात ते." परतताना मी जवळजवळ पळतच आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं वाटेतल्या प्रत्येक माणसाला आपलं ते 'असेल' ऐकू गेलं असं वाटत होतं. तरी एक आनंदही होता, तो नाकारत नाही. जागा मिळाली होती. यंदा खाचर पडीक राहणार नव्हतं.

मावशी ओट्यावर बसली होती. मी सांगितलं, "मिळाली जागा. भली माणसं आहेत मावशे. म्हणाले, आधी कळलं असतं तर घरच वर बांधलं असतं."

"आधी कळला आसता म्हंजी?" ती म्हणाली. "तू तं सांगितलंच आसशील ना त्यांना? तूच मधी होतीस." मग माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःशीच बोलत राहिली. "मी आपली समजत होती, वैशीनं सांगितला, पन त्यांना खोटा वाटला. डोळ्यांना कायच दिसला नाय तं कोन मानंल? मीच झाडून ठेवलेला. त्यांना वाटला आसंल बाई लबाड हाय, जागा इकल्यावर हक्क सांगते. त्याच्यापायी मी त्यांच्या दारावरना जात नव्हती गो. लाज वाटाची."

म्हणजे इतकी वर्षं ओढ्याकडचा लांबचा फेरा होता तो रागाचा नव्हता. माझी लाज होती ती, आणि मावशी ती वाहत होती, कवळाच्या मोळीसारखी.

 खरं काय ते सांगायला हवं होतं, पण ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी माझे काळे पाय बघायची तशी. मला वाटतं तेवढ्यात तिला सगळं कळलं. तिने नजर काढून घेतली आणि सूप पुढे ओढलं.

"उद्या मीच जायन त्यांच्याकडं," ती म्हणाली. "सांगीन, माझी चूक झाली. मी झाडली जागा, मीच लपवला. पोहे नेन थोडंसं." तांदळातला खडा तिने अंगणात टाकला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुजा नाव नाय ना घेतलास तिथं? तुजी नोकरी हाय."

"नाही," मी म्हटलं.

"बरा केलास," ती म्हणाली आणि निवडत राहिली.